दहा बाय आठचं ताट

आबांची गेलेली भूक मेंदूच्या वाटेनं परत आणता येईल, हा विचार मला सांगलीत सुचला. मी इस्लामपुरात ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो. आमच्यासारख्यांना अधूनमधून सांगलीला बोलावतात, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दिवसभर बसवतात आणि संध्याकाळी प्रमाणपत्र देऊन सोडून देतात. बहुतेक वेळा माणूस जातो तसाच परत येतो. त्या खेपेला मी ज्ञान घेऊन परत आलो आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

आबा म्हणजे माझे वडील, धोंडिराम. एसटीत कंडक्टर होते. उन्हाळ्यात त्यांना टायफॉइड झाला. औषधांनी ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. सुरुवातीला आम्ही म्हणालो, अशक्तपणा आहे, येईल भूक. पण आषाढ लागला तरी आबा दोन घास खाऊन ताट सरकवायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. सदऱ्याच्या आत माणूस कमी कमी होत चालला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. दोष कुठंच नव्हता. ते म्हणाले, पोटात काही बिघाड नाही, त्यांना खायची इच्छाच होत नाही; असंच चाललं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. नळी हा शब्द ऐकून माझी आई, लक्ष्मीबाई, दवाखान्याच्या बाकावर बसली. जिनं आयुष्यभर आलेल्यागेलेल्याला भाकरी घातली, तिच्या नवऱ्याला नळीनं जेवण जाणार म्हणजे तिच्या दृष्टीनं ती गावासमोर नापास होणार होती.

सांगलीच्या प्रशिक्षणात पुण्याहून आलेल्या एक बाई मेंदूवर बोलत होत्या. दुपारची वेळ होती. त्यांनी पडद्यावर अचानक एका भरल्या ताटाचं चित्र लावलं आणि सभागृहातल्या तमाम शिक्षकांनी एकदम आवंढा गिळला. बाई म्हणाल्या, हेच मला दाखवायचं होतं. जेवणाचं नुसतं चित्र दिसलं तरी डोळ्यांची पापणी लवायच्या आत मेंदू ओळखतो की हे अन्न आहे. जिभेवर कणही नसताना मेंदूतला चवीचा भाग जागा होतो. तोंडाला पाणी सुटतं, पोट तयारीला लागतं, भूक चाळवणारी द्रव्यं रक्तात वाढतात. तूपतेलाचं, चमचमीत चित्र असेल तर मेंदू जास्तच खूष. पुढं त्या 'मात्र' असं म्हणून आणखी काहीतरी सांगत होत्या, पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि आम्ही सगळे उठलो. त्या 'मात्र'नंतर काय होतं, ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

परतीच्या एसटीत माझा निर्णय झाला. आबांचा मेंदू झोपला होता. त्याला चित्रांनी उठवायचं.

पहिल्या दिवशी मी मोबाइलवर मटणाच्या ताटांचे फोटो शोधून आबांपुढं धरले. त्यांनी चष्मा मागितला, चष्मा सापडेपर्यंत मोबाइलचा पडदा विझला, तो पुन्हा लावेपर्यंत त्यांना डुलकी लागली. जागे झाल्यावर त्यांनी एक फोटो नीट पाहिला आणि हे कुणाच्या लग्नातलं जेवण, असं विचारलं. कुणाच्याच नाही, असं म्हटल्यावर त्यांना त्यात रस उरला नाही.

मग मी टीव्हीवर स्वयंपाकाचे कार्यक्रम लावले. आबा झोपले, पण आई बघत बसली. पडद्यावरच्या बाईनं रश्श्यात दुधाची साय ओतली तेव्हा आई उठून उभी राहिली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. रात्री ती दीक्षाला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणाली की प्रशांतला माझ्या हातचं नको झालंय, म्हणून बापाला असल्या बायकांचं दाखवतो. दीक्षा पोस्टात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकून घ्यायची तिला सवय आहे. तिनं ती तक्रार माझ्यापर्यंत पोचवली आणि वर स्वतःचं काही जोडलं नाही. तिचं हे न जोडणं फार बोचतं.

शेजाऱ्यांचे सल्ले तोवर सुरूच होते. कुणी काडेचिराइताचा काढा सुचवला, कुणी दृष्ट काढायला सांगितली. समोरचे कृष्णात सुभेदार म्हणाले की फौजेत भूक मेलेल्या जवानाला रात्री दोन पेग रम देत, सकाळी तो दगडसुद्धा चावायचा. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. शास्त्राच्या माणसानं समाजाशी नम्रपणे वागावं असं माझं मत आहे. पण मनात माझं ठरलं होतं: चित्र लहान पडतंय. आबांच्या पलंगाला लागून खिडकी आहे आणि खिडकीसमोर, रस्त्यापलीकडं, सुभेदारांच्या ट्रॅक्टरच्या शेडची भली मोठी कोरी भिंत आहे. या भागात माणसाच्या मनावर काही ठसवायचं असेल तर त्याला एकच मार्ग आहे. फ्लेक्स.

गुंडा नावाच्या माणसाच्या फ्लेक्सच्या दुकानात मी गेलो तेव्हा त्यानं न बघताच विचारलं, "वाढदिवस कुणाचा, सर?"

मी म्हटलं, वाढदिवस नाही, ताट आहे. मटणाचं भरलेलं ताट, तांबडा रस्सा, सुकं, भाकरी, कांदा, लिंबू. बाकी एक अक्षर नको. दहा बाय आठ. गुंडाला ताट चालत होतं, पण अक्षर नको आणि माणूस नको, हे त्याला झेपेना. त्याच्या मते बिनमाणसाचा फ्लेक्स फक्त आचारसंहितेत असतो. मी त्याला मेंदूचा चवीचा भाग समजावून सांगितला. त्यानं मान हलवली. त्याची मान हलली म्हणजे त्याला कळलं, असं मी धरलं.

सुभेदारांनी भिंत लगेच दिली. आजारी माणसासाठी आहे तर विचारायचं काय, असं म्हणून त्यांनी स्वतः शिडी धरली. गुंडाच्या माणसांनी फ्लेक्स उलगडला आणि ताट खरोखर अप्रतिम होतं. रश्श्याची तर्री उन्हात चमकत होती. फक्त खालच्या कोपऱ्यात, लिंबाच्या फोडीशेजारी, मी होतो. माझ्या व्हॉट्सॲपवरचा फोटो घेऊन गुंडानं मला हात जोडून उभं केलं होतं. हात माझे नव्हते, कुणा उमेदवाराचे असावेत; त्यांत अंगठ्या होत्या. खाली लिहिलं होतं: 'या, जेवायला! प्रशांत सर मित्र परिवार.'

मी गुंडाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "रिकामी जागा डोळ्याला खुपत हुती, सर."

पण आबा बघत होते. एवढे दिवस भिंतीकडं तोंड करून पडलेला माणूस कुशीवर वळून खिडकीबाहेर बघत होता. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून त्यांच्या गळ्याकडं टक लावून होतो. आवंढा गिळला की घाटी वरखाली होते, ते मला टिपायचं होतं. आई दारात उभी होती. मग आबा बोलले.

"भाकरी जुंधळ्याची हाय का रं बाजरीची?"

मी उत्साहानं म्हणालो, "ज्वारीची असणार, आबा."

"पापुद्रा न्हाई तिला," आबा म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडं वळले.

त्या संध्याकाळी आईनं मटण केलं. पापुद्रा सुटलेली, टम्म फुगलेली भाकरी केली. आबांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. आई ताट उचलून नेताना एवढंच म्हणाली, "चित्राकडं घटकाभर बघितलं. माझ्या ताटाकडं नदर बी टाकली न्हाई." ती मला म्हणाली नाही, आबांना म्हणाली नाही. ताटाला म्हणाली.

आबा सोडून बाकी सगळ्यांच्या मेंदूवर मात्र फ्लेक्सचा परिणाम अचूक झाला. शास्त्राची बाजू मी सोडणार नाही. त्या बाईंचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पोस्टातून घरी येताना गल्लीच्या तोंडाशीच तोंडाला पाणी सुटतं, असं दीक्षानंच सांगितलं. कोपऱ्यावर सोनिया नावाची एक बाई वजन कमी करायचं केंद्र चालवते. सकाळी तिथं लोक कसलंसं पेय पिऊन चालायला निघतात. त्यांची वाट आमच्या गल्लीतून होती. आठवडाभरात तिचे निम्मे लोक चालून झाल्यावर मटणाच्या दुकानाकडं वळू लागले. सोनिया मला भेटायला आली आणि हसत हसत म्हणाली, "सर, माझ्या मेंबरांच्या बायका मला शिव्या घालतायत." मी तिला सांगितलं की मेंदूचा तसा धर्मच आहे. ती म्हणाली, "मेंदूचा असंल, पण फ्लेक्स तुमचा हाय."

आणि फोन. प्रशांत सरांनी खानावळ काढली, ही बातमी शहरभर झाली. पार्सल मिळतं का, महिन्याचा डबा देता का, पन्नास माणसांची ऑर्डर घ्याल का. एका सद्गृहस्थानं तर, नोकरी गेली का हो, असं फार हळव्या आवाजात विचारलं. शेवटी प्राचार्यांनी बोलावलं. अनुदानित कॉलेजातल्या शिक्षकाला जोडधंदा करता येत नाही, हे मला माहीत आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सर, तो फ्लेक्स माझ्या वडिलांच्या मेंदूसाठी आहे." मग त्यांनी मला चार दिवस रजा घ्यायला सुचवलं. वीस वर्षांच्या नोकरीत माझी रजा कुणी आपणहून मंजूर केल्याचा तो एकमेव प्रसंग.

त्यात श्रावण लागला.

सुभेदार संध्याकाळी आले आणि चहा होईपर्यंत पावसावर बोलले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "सर, माझं काय न्हाई. मी फौजेत साप सोडून समदं खाल्लंय. पण आमच्या मंडळीनं, विजयमालानं, सोमवार-शनवार धरल्यात. तिनं दाराभाईर पाऊल टाकलं की शेजारीच हे दहा फुटी मटण. काल ती मागच्या दारानं देवळात गेली."

भला माणूस इतका संकोचला होता की मलाच वाईट वाटलं. आमच्या घरी श्रावण पाळत नाहीत, पण शेजार पाळतो. तो फ्लेक्स काढून टाकावा हे सरळ होतं. पण माणूस हरलेलं कबूल करायच्या आधी आणखी एक खर्च करतो. मी गुंडाकडून पुरणपोळीच्या ताटाचा तेवढाच दुसरा फ्लेक्स करवून घेतला आणि तो पहिल्यावर चढवला. गोडानं आबांचा मेंदू कदाचित वेगळ्या दारानं जागा होईल, असंही मला वाटलं. आबांनी एकदा पाहिलं आणि सणाला अजून अवकाश आहे, एवढंच म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात वाऱ्यापावसानं वरचा फ्लेक्स उभा फाटला. त्यानंतर भिंतीवर जे ताट राहिलं त्यात डाव्या बाजूला पुरणपोळीवर तूप ओतलेलं होतं, ते सरळ तांबड्या रश्श्यात वाहत होतं, आणि खाली माझं अर्धं तोंड एका अंगठीवाल्या हातानं लोकांना बोलावत होतं. नगरपालिकेचे एक गृहस्थ नोटीस घेऊन आले. फ्लेक्सला परवानगी घेतलेली नव्हती, ते माझं चुकलंच होतं. नोटीस दिल्यावर ते जरा घुटमळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दोन्ही एकाच ताटात देता काय?"

मी नोटिशीवर सही केली. घरात आबांचं वजन आणखी उतरलं होतं. डॉक्टरांनी येत्या सोमवारपर्यंत बघू म्हणून सांगितलं होतं. आई आता स्वयंपाक करताना बोलत नसे. चूल, म्हणजे आमचा गॅस, पेटायचा, भाकरी थापल्याचा आवाज यायचा, ताट जायचं आणि ताट यायचं. नोटिशीतली मुदत आणि डॉक्टरांनी दिलेली मुदत एकाच दिवशी संपत होत्या. माझ्या सगळ्या शास्त्राचा निकाल त्या दिवशी लागणार होता आणि तो काय लागणार हे मला दिसत होतं.

त्या रविवारी दुपारी दारात एक म्हातारा उभा राहिला. अंगावर भिजलेलं धोतर, खांद्यावर घोंगडं, पायताणं पायात नव्हती. चिखल आत येऊ नये म्हणून ती त्यानं पायरीखालीच काढली होती. त्यानं विचारलं की ताट केवढ्याला आहे. मी त्या दिवसांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकला होता की माझ्या तोंडून तुटक उत्तर गेलं. हे हॉटेल नाही, चुकून लागलंय ते, पुढं स्टँडवर जा. तो लगेच ओशाळला. त्यानं सांगितलं की त्याचं नाव धुळा, गाव कडेगावकडं, बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालंय, पलीकडच्या दवाखान्यात आहे, तिथनं येताना भिंतीवरचं ताट दिसलं म्हणून विचारलं. चुकलं माझं, म्हणाला आणि पायताणं उचलायला वाकला.

तेवढ्यात आतून आवाज आला. कितीतरी दिवसांत एवढा मोठा आवाज आला नव्हता.

"कोण हाय रं?"

मी आत जाऊन सांगितलं. आबा कोपरावर उठून बसले होते.

"आन तू त्येला माघारी लावतोस?" ते म्हणाले. "भुकेला माणूस दारातनं जातूय आन तू पत्ता सांगतोस व्हय? बलीव त्येला."

धुळामामा आबांच्या पलंगाजवळ भिंतीला टेकून बसले. मटण नव्हतं, रस्सा नव्हता. घेवड्याची आमटी, भाकरी आणि कांदा होता. आईनं ताट ठेवलं. धुळामामांनी आधी कांदा बुक्कीनं फोडला. मग भाकरी कुस्करून ताटात तिचं आळं केलं, मधोमध आमटी ओतून घेतली आणि पाचही बोटांनी जेवायला लागले. भुरका मारल्याचा आवाज सगळ्या खोलीत भरला. कपाळावर घाम आला, तो त्यांनी दंडाला पुसला आणि पुन्हा भाकरीला हात घातला. दोन दिवस त्या माणसानं दवाखान्याच्या जिन्यावर चहा-पाव खाऊन काढले असावेत.

या वेळी मी आबांच्या गळ्याकडं बघत नव्हतो. मी पाहुण्याला पाणी देत होतो. बघत होती ती आई.

"वाईच मला बी वाढ," आबा म्हणाले.

आईच्या हातातला डाव आमटीच्या भांड्यावर तसाच थांबला. तिला ऐकू आलं होतं, पण पुन्हा ऐकायचं होतं. आबांनी पुन्हा सांगितलं नाही, नुसता हात पुढं केला. तिनं ताट दिलं. आबांनी भाकरी कुस्करली. अर्धी भाकरी खाल्ली, आमटी दोनदा मागितली आणि शेवटी बोट फिरवून ताट पुसलं. आई आत गेली आणि विनाकारण डबे काढून पुन्हा फळीवर मांडायला लागली. तो आवाज बराच वेळ येत होता. दीक्षा तिच्यामागं आत गेली. मी गेलो नाही.

रात्री मी दीक्षाला सांगितलं की यामागं शास्त्रीय कारण असलं पाहिजे. दुसऱ्याला खाताना पाहून आपल्या मेंदूचे काही भाग जागे होत असणार. चित्र स्थिर होतं, इथं प्रत्यक्ष क्रिया होती. दीक्षा म्हणाली, "त्याला सोबत म्हणतात," आणि कूस बदलून झोपली.

धुळामामा मग रोज दुपारी यायला लागले. आबा पलंगावरून उतरून त्यांच्याबरोबर स्वयंपाकघराच्या दाराशी, जमिनीवर जेवायला बसत. कडेगावच्या गाडीवर आबांनी बरीच वर्षं काढली होती, त्यामुळं दोघांना विषय कमी पडत नव्हता. कधी काळी आबांनी धुळामामांच्या कोकराचं अर्धं तिकीट फाडलं होतं की नाही, यावर दोघांचा वाद झाला. कोकरू मांडीवर होतं, असं धुळामामांचं म्हणणं. मांडीवर असलं तरी त्याला पाय होते, असं आबांचं. वाद मिटला नाही, पण त्या नादात आबांनी दीड भाकरी खाल्ली. डॉक्टरांनी सोमवारी आबा जेवल्याचं ऐकून आणखी आठवडा दिला आणि पुढच्या सोमवारी वजन बघून नळीचं नाव काढलं नाही. नगरपालिकेची माणसं येऊन दोन्ही फ्लेक्स काढून घेऊन गेली, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. सुभेदारीणबाई पुन्हा पुढच्या दारानं देवळात जायला लागल्या.

मग धुळामामांच्या बायकोला घरी सोडलं. जाताना दोघं भेटायला आली. ती बारीकशी बाई आईच्या हाताला धरून बराच वेळ उभी राहिली. आईनं तिच्या पिशवीत भाकऱ्या बांधून दिल्या. आबा कोपऱ्यापर्यंत त्यांना पोचवायला गेले, काठी न घेता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी आबा जागेवर बसले. आईनं ताट वाढलं. आबांनी त्याला हात लावला नाही.

मी विचारलं, बरं वाटत नाही का. आई म्हणाली, भाकरी गार होतेय. आबा हाताची घडी घालून बसून राहिले. धुळामामा गेले आणि भूक पुन्हा गेली. सोबत पाहिजे, हे उघड होतं, आणि मी एकटा पुरत नव्हतो. मी रोज समोर जेवत होतोच की. मी छत्री न घेता घराबाहेर पडलो आणि दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

उपाशी माणूस हुडकणं वाटतं तेवढं सोपं नाही. सगळ्यात आधी मी ज्यांना जेवायला चला म्हणालो, त्यांनी आपली पिशवी पोटाशी घट्ट धरली. एका बाईनं मला सरळ सांगितलं की तिला लॉजही नको आणि मेडिकलही नको. दोन भाऊ यायला तयार झाले, पण आधी त्यांना माझं कार्ड हवं होतं. शेवटी पहारेकऱ्यानं मला बाजूला घेतलं आणि एजंट लोकांना फाटकाच्या आत येता येत नाही म्हणून समज दिली. मी त्याला सांगितलं की मी प्राध्यापक आहे, आणि वडील जेवावेत म्हणून माणूस शोधतोय. त्यानं माझ्या ओल्या कपड्यांकडं पाहिलं आणि कॅन्टीनकडं बोट करून म्हणाला, "सर, आधी तुम्ही काहीतरी खाऊन घ्या."

मी एकटाच परत आलो. दारात पाय पुसताना आतून दीक्षाचा आवाज आला. ती म्हणत होती, बसा हो आई, मी वाढते.

स्वयंपाकघराच्या दाराशी दोन ताटं होती. एका ताटावर आबा, आणि त्यांच्या समोर, मांडी घालून, आई. तिला मी आयुष्यात कधी तसं बसून जेवताना पाहिलं नव्हतं. ती सारखी उठायला बघत होती. कधी मीठ आणायचं होतं, कधी तवा उतरवायचा होता. दर वेळी आबा नुसता हात खाली करून दाखवत होते.

दीक्षानं मला हळू आवाजात सांगितलं. धुळामामांबरोबर जमिनीवर बसायला लागल्यापासून आबांना स्वयंपाकघराच्या आतलं दिसायला लागलं होतं. सगळ्यांचं झाल्यावर आई ओट्यापाशी उभ्याउभ्या, परातीतच, उरलेली गार भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची. आमटी उरली तरी ती तोंडाला लावत नसे. उन्हाळ्यापासून हेच चाललं होतं. आम्ही सगळे आबांच्या ताटाकडं बघत होतो. आबांनी आज सांगितलं होतं की ती बसल्याशिवाय आपण घास उचलणार नाही. आई रागावली, डोळ्यांना पदर लावला, शेजारी काय म्हणतील म्हणाली. आबा हाताची घडी सोडेनात. शेवटी ती बसली.

मी ओल्या कपड्यांनिशी तिथंच उंबऱ्यावर बसलो. आईनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि पहिला घास तोंडात घातला. चावता चावता ती थांबली. तिनं आमटीच्या वाटीकडं पाहिलं, मग आबांकडं.

"आवं, मीठ लय पडलंय की ह्यात."

"व्हय," आबा म्हणाले.

"आजच पडलं का काय?"

"तसं न्हाई. मला ताप आल्यापास्नं पडतंय."

ते मलाही माहीत होतं आणि दीक्षालाही. पण त्या दिवसांत आईला स्वयंपाकातलं काही सांगायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. आई घास हातात धरून बसली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"मग येवढं दिस सांगायचं न्हाई व्हय मला?"

"तू जेवशील तवा कळंल, म्हणलं," आबा म्हणाले. आई उठायला लागली, तसं त्यांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी उचलून तिच्या ताटात ठेवली. "बस तू. प्रशांत घालंल पाणी आमटीत."

मी भांडं घेऊन आत गेलो. गॅस पेटवला आणि किती पाणी घालायचं ते विचारावं म्हणून मागं वळून पाहिलं. दोघंही खाली मान घालून जेवत होते. मी विचारलं नाही.